चेहरे उडालेलं कुंड आणि तळाशी फुलणारा लोणा: साफसफाईआधी काय पाहावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नॉर्फकमधल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये तुम्ही साफसफाईच्या पाळीत मदत करता. दारातून आत शिरलं की समोरच बाप्तिस्म्याचं दगडी, अष्टकोनी कुंड आहे. वरच्या भांड्याच्या आठही बाजूंवर माणसांची छोटी दृश्यं कोरली आहेत, त्यातल्या एकात कोणीतरी पलंगावर निजलं आहे आणि जवळपास सगळ्यांचे चेहरे उडालेले आहेत. खाली खांबाला पाठ लावून सिंह बसले आहेत, त्यांचीही नाकं गेली आहेत. चौथऱ्यापाशी पांढरी भुकटी पडते. चर्चमधल्या एका आजोबांनी सांगितलं की हे क्रॉमवेलच्या सैनिकांचं काम. आता उन्हाळ्यातल्या खुल्या दिवसाआधी कुंड 'धुऊन, वर काहीतरी लेप देऊन' चकचकीत करायचं ठरलं आहे आणि ते तुमच्याकडे आलं आहे. साबण, व्हिनेगर की बाजारात मिळणारं दगडाचं सीलर, असं तुम्ही विचारलंय.

तिन्ही नको. आणि ती भुकटी निघते आहे तोवर चौथऱ्याला ब्रशसुद्धा नको. कारण सांगतो, आणि त्यासाठी आधी तुमच्या समोर काय आहे ते बघावं लागेल. मी दगडाच्या जतनाचं काम करतो, त्यातलं बरंचसं इंग्लंडच्या पूर्व भागातल्या चर्चेसमध्ये. तुमचे फोटो अंधारातले आहेत, त्यामुळे पुढचं काही ठाम आहे आणि काही 'असं असेल तर तसं' या स्वरूपाचं आहे.

पलंगावरच्या माणसामुळे माझा अंदाज पक्का होत चाललाय. अष्टकोनी भांडं, प्रत्येक बाजूला चौकटीत एक प्रसंग, आणि त्यातला एक आजाऱ्याच्या बिछान्याचा: हे बहुधा सप्तसंस्कारांचं कुंड आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर (म्हणजे मिस्सा किंवा प्रभुभोजन), प्रायश्चित्त, गुरुदीक्षा, विवाह आणि मरणासन्न माणसाला तैलाभ्यंग. वसईकडच्या वाचकांना ही नावं पाठ असतील. सात बाजूंना सात संस्कार. आठवीवर बरेचदा ख्रिस्ताचा बाप्तिस्मा किंवा क्रूसावरचा ख्रिस्त. अशी कुंडं सगळी मिळून चाळीसच्या आसपास उरली आहेत आणि जवळजवळ सगळी नॉर्फक आणि सफकमध्येच. केंटमधलं फार्निंगहॅम आणि सॉमरसेटमधलं नेटलकूम हे अपवाद. तुमच्याकडे खरोखर त्यातलं एक असेल तर ते 'गावच्या चर्चमधलं जुनं कुंड' राहत नाही.

खात्री करून घ्यायची सोपी पद्धत अशी. संध्याकाळी दिवे बंद करा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश पाडा. समोरून सपाट दिसणाऱ्या चौकटीत अचानक घड्या, बोटं, पुस्तकाच्या कडा उठून दिसतात. बाप्तिस्म्याच्या चौकटीत पाद्री नागड्या बाळाला कुंडावर धरून असतो आणि ते कोरलेलं कुंडही अष्टकोनी असतं. दृढीकरणात बिशपसमोर कडेवरची बाळं असतात, कारण तेव्हा हा संस्कार तान्हेपणीच होई. मिस्साच्या चौकटीत पाद्री पाठमोरा, हात वर. प्रायश्चित्तात बसलेला पाद्री, गुडघे टेकलेला माणूस आणि कधी कधी काढता पाय घेणारा सैतान. डोकं उडालेलं असलं तरी शेपटी राहिलेली असते. ती शोधाच.

काळ ठरवायचा तर अशी कुंडं साधारण पंधराव्या शतकापासून सोळाव्याच्या पहिल्या काही दशकांपर्यंतची. अचूक वर्ष फार थोड्यांचं कळतं. नॉर्फकमधल्याच एकल गावच्या कुंडावर १४१० साल कोरलेलं आहे (ते सप्तसंस्कारांचं नाही, पण सिंह आणि केसाळ रानमाणसं त्याच्याही खांबाशी आहेत). ईस्ट डिरहॅमच्या कुंडाचा तर हिशोबच उरला आहे: १४६८ साली खर्च १२ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स. त्या काळी दक्षिण इंग्लंडमध्ये कसबी गवंड्याला दिवसाला साधारण ६ पेन्स मिळत. म्हणजे पाचशेहून जास्त दिवसांची मजुरी एका कुंडावर. लोकरीचा पैसा होता, आणि त्या भागात चांगला कोरीव दगड मिळतच नाही. मिळते ती गारगोटी. म्हणून चुनखडीचा दगड इंग्लंडमधल्याच बार्नॅकच्या खाणींतून किंवा समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये, नॉर्मंडीतल्या काँहून होड्यांनी आणावा लागे. एवढा खर्च संस्कारांच्या चित्रांवर का केला, याचं अभ्यासक एक कारण देतात ते असं की लॉलर्ड पंथाचे लोक याच संस्कारांवर शंका घेत होते. नॉर्विचच्या बिशपने १४२८ ते १४३१ या काळात त्यांच्यावर खटलेही चालवले. ज्यावर वाद, तेच दगडात कोरून दारात उभं केलं.

चेहरे कोणी फोडले, याकडे येतो. 'क्रॉमवेलच्या सैनिकांनी' हे उत्तर इंग्लंडातल्या प्रत्येक चर्चमध्ये मिळतं. आपल्याकडे प्रत्येक बुरुजाखालून एक भुयार थेट पुढच्या किल्ल्याला जातं, त्याच जातीची ही माहिती. ऑलिव्हर क्रॉमवेल हा राजाविरुद्धच्या यादवी युद्धातला संसदेच्या बाजूचा सेनानी, १६४० च्या दशकातला. मूर्तींवर घाव त्याच्या शंभर वर्षं आधीच पडायला लागले होते. आठव्या हेन्रीच्या काळात १५३८ चे आदेश निघाले (ते काढणाराही क्रॉमवेलच, पण थॉमस, त्यामुळे घोळ आणखी वाढतो), मग सहाव्या एडवर्डच्या काळात १५४७ पासून जोरदार मोहीम आणि १५५० चा मूर्ती नष्ट करण्याचा कायदा. रोमपासून फुटून प्रोटेस्टंट झालेल्या नव्या चर्चने सातांपैकी दोनच संस्कार मानले, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. तुमच्या कुंडावरच्या निदान पाच चौकटी त्या दिवसापासून चुकीचा धर्म शिकवणाऱ्या ठरल्या.

मग कुंडच का नाही फोडलं? कारण कुंड लागत होतं. बाप्तिस्मा नव्या चर्चलाही हवाच होता, आणि १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या आदेशात तर कुंड नेहमीच्या जागेवरून हलवू नये असं स्पष्ट सांगितलं. म्हणून बऱ्याच गावांनी मधला रस्ता काढला: पुढे आलेली डोकी आणि हात छिन्नीने तासून चौकटीच्या कडेशी सपाट केले आणि वर गिलावा फिरवून मोकळे झाले. रागाने फोडलेला दगड वेगळा दिसतो आणि गिलाव्यासाठी तासलेला वेगळा. रागाच्या घावात तोंडं गेलेली असतात, पण तेवढीच पुढे आलेली कोपर राहिलेली असते. गिलाव्यासाठी तासलं असेल तर पुढे आलेलं सगळंच, चेहरा असो वा पुस्तक वा पलंगाचा पाय, एकाच पातळीवर गेलेलं असतं आणि आतल्या घड्या मात्र काल कोरल्यासारख्या ताज्या असतात. चौकटीवर सरळ पट्टी आडवी धरून बघा, दगडाला न टेकवता. उत्तर दोन मिनिटांत मिळेल.

१६४४ च्या लाटेत काय झालं याची एक अस्सल नोंद आहे. विल्यम डाउसिंग नावाच्या माणसाला संसदेच्या बाजूने केंब्रिजशर आणि सफकमधल्या चर्चेसमधून 'अंधश्रद्धेच्या खुणा' काढायला नेमलं होतं. दर चर्चमागे ६ शिलिंग ८ पेन्स फी, आणि काय काय फोडलं याची रोजनिशी. तिच्यात रंगीत काचा, 'यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा' असे लेख, क्रूस, वेदीच्या पायऱ्या यांचीच गर्दी आहे. कुंडावरच्या कोरीव कामाचा उल्लेख फारसा नाही. सफकमधल्या अफर्डच्या कुंडावरच्या उंच लाकडी झाकणाचं वर्णन मात्र त्याने केलंय, पोपच्या तिहेरी मुकुटासारखं, वर पेलिकन पक्षी, सगळं सोन्याने मढवलेलं. ते झाकण आजही जागेवर आहे. डाउसिंग मूळ लॅक्सफील्डचा, आणि त्या गावच्या चर्चमधलं सप्तसंस्कारांचं कुंडही अजून आहे. माझा अर्थ असा की त्याच्या आधीच बरीच कुंडं तासून गिलाव्याखाली गेली होती. त्याला दिसलीच नसावीत. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

तुमच्या कुंडाबाबत पुरावा दगडातच असू शकतो. तुटलेल्या चेहऱ्याच्या खळग्यात भिंगाने बघा. तिथे जुन्या चुन्याचा पांढरट, किंचित पिवळसर थर चिकटलेला असेल, तर चेहरा आधी गेला आणि सफेदी नंतर झाली. खळगा स्वच्छ, कडा धारदार आणि रंग आजूबाजूपेक्षा उजळ असेल तर तो घाव अलीकडचा, कदाचित शिडी किंवा टेबल लागल्याचा. घड्यांच्या आत, बगलेत, पंखाखाली लाल, हिरवा किंवा सोनेरी ठिपका दिसला तर तो मूळ रंग असू शकतो. ही कुंडं रंगवलेली असत. सफकमध्ये वेस्टहॉलला आणि नॉर्फकमध्ये ग्रेट विचिंगहॅमला रंग अजून दिसतो. सिंहांच्या नाकांबद्दल मात्र सैनिकांना आणि सुधारकांना दोघांनाही सोडून द्या. सिंहावर कोणाचा धार्मिक राग नव्हता. गुडघ्याच्या उंचीवर पुढे आलेलं नाक बादल्या, बूट आणि पाचशे वर्षांची पोरं यांनीच जातं.

उलट बाजूही सांगायला हवी. सगळ्या चौकटी सारख्याच खोल, कडा कोरड्या आणि सारख्या, चेहरे शाबूत आणि एकाच साच्यातले असते, तर मी एकोणिसाव्या शतकातल्या 'जीर्णोद्धारा'चा संशय घेतला असता. तेव्हा अनेक कुंडं नव्याने कोरून काढली गेली. तुमचं तसं दिसत नाही, आणि ही चांगली बातमी आहे.

इथवरचं लक्षात घेतलं तर धुण्याचा प्रश्न बदलतो. तुम्ही ज्याला मळ म्हणताय त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या आहेत: खरी धूळ, जुनी सफेदी, आणि कदाचित रंगाचे कण. ओल्या फडक्याला त्यातला फरक कळत नाही. साबणाचं पाणी दगडात मुरतं आणि सुकताना आतले क्षार बाहेर ओढतं. व्हिनेगर तर चुनखडीला विरघळवतंच. आम्ल आणि चुनखडी एकत्र आले की बुडबुडे येतात ते तो दगड जात असताना. आपल्याला काळ्या पाषाणाची सवय आहे. बेसाल्टच्या मूर्तीवर दही, लिंबू, चिंच चालून जातं म्हणून हातही तसाच वळतो. इथे तो आवरावा लागतो.

पांढरी भुकटी हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्न. हा लोणा आहे. जमिनीतलं पाणी दगडात चढतं, बरोबर विरघळलेले क्षार आणतं, पृष्ठभागापाशी पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक होतात. ते बाहेर झाले तर नुसती पांढरी भुकटी दिसते. दगडाच्या कातडीखाली झाले तर ते वाढताना दगड आतून ढकलतात आणि पापुद्रे निघतात. भुकटी बोटाने उचलून बघा: नुसतीच हलकी, मऊ असेल तर क्षार; त्यात रवाळ वाळूसारखं लागत असेल तर दगड स्वतःच जातोय. दुसरी गोष्ट असेल तर ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्याबरोबर कोरीवकाम कमी होईल. म्हणूनच वर 'ब्रशही नको' म्हटलं.

क्षार येतात कुठून, हे जागेवर अवलंबून आहे. जुन्या चर्चच्या फरशीखाली शतकानुशतकं माणसं पुरलेली असतात, तिथून नायट्रेट्स येतात. किनाऱ्याजवळ असाल तर समुद्री मीठ. मागे कोणी सिमेंटने डागडुजी केली असेल तर सिमेंटमधले क्षार. आणि तुमच्या फोटोत कुंडाभोवतीची फरशी नवी दिसतेय. ती काँक्रीटवर बसवली असेल, तर पूर्वी सगळ्या जमिनीतून हळूहळू उडून जाणाऱ्या ओलीला आता एकच वाट उरली, ती म्हणजे तुमचं कुंड. अशी प्रकरणं मी बरीच पाहिली आहेत आणि दर वेळी दोष दगडाला दिला जातो. त्यात हीटिंग फक्त रविवारी चालू, बाकी आठवडा बंद. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी होतं, खाली आली की पुन्हा स्फटिक. आठवड्यातून एकदा उष्णतेचा झोत म्हणजे आठवड्यातून एकदा तो फेरा. मंद आणि सतत ऊब दगडाला जास्त मानवते, पण बिलाचा प्रश्न आहे हे मला ठाऊक आहे.

याच कारणाने सीलर नको. वज्रलेपाची ओढ आपल्याला असतेच, पण ओल खालून येत असताना वरून तोंड बंद केलं तर क्षार लेपाच्या मागे साठतात आणि एक दिवस लेपासकट दगडाची कातडी सुटून येते.

ओल खालूनच येतेय का, तेही तपासा. ती चौथऱ्यापाशी जास्त आणि वर कमी होत गेली असेल तर खालून. भांड्याच्या खालच्या बाजूला, जिथे ते खांबाला मिळतं तिथे डाग असतील तर शिशाचं अस्तर गळत असेल. भांड्याला आतून शिसं असतं, तळाला भोक, आणि तिथून पाणी खांबातून थेट खालच्या मातीत जातं. आशीर्वादित पाणी गटारात जाऊ नये म्हणून. ती वाट तुंबली की पाणी खांबात मुरतं. मध्ययुगात तर पाणी एकदा आशीर्वाद देऊन महिनोन्महिने भांड्यातच ठेवत. जादूटोण्यासाठी लोक ते चोरून नेत, म्हणून १२३६ साली कँटरबरीच्या आर्चबिशपने कुंडांना कुलुपाची झाकणं लावायला सांगितली. तुमच्या कुंडाच्या वरच्या कडेवर समोरासमोर दोन जागी दगडाचं ठिगळ किंवा शिशात अडकलेला लोखंडाचा तुकडा असेल, तर ती त्या कुलुपाची जागा. लोखंड उरलं असेल तर त्याची नोंद करा. ते गंजताना फुगतं आणि कडेला तडा देतं.

आता तुम्ही करण्यासारखं. महिन्यातून एकदा, त्याच जागेवरून, त्याच टॉर्चने सगळ्या बाजूंचे फोटो काढा. पडलेली भुकटी झाडून फेकू नका. छोट्या पिशवीत भरून तारीख आणि बाजू लिहून ठेवा, तपासणीत ती सोन्याच्या मोलाची ठरते. बाहेर जाऊन कुंडाजवळच्या भिंतीचं पन्हळ आणि पाण्याचा निचरा बघा. निम्म्या वेळा उपाय तिथेच असतो आणि त्याला शिडी आणि हातमोजे एवढाच खर्च येतो. वटवाघळांची विष्ठा वरून पडत असेल तर कुंडावर कापडाचं सैल आच्छादन टाका. वटवाघळांना हात लावायचा नाही, १९८१ पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

परवानगीबद्दल: चर्च ऑफ इंग्लंडमध्ये मध्ययुगीन कुंडावर कसलीही प्रक्रिया करायची तर 'फॅकल्टी' लागते, म्हणजे डायोसिसच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रांताच्या) चान्सलरची, म्हणजे तिथल्या चर्चच्या न्यायाधीशाची, लेखी परवानगी. ती न घेता लेप दिला तर अडचणीत चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची देखरेख करणारे निवडलेले लोक, येतात, तुम्हीही सुटत नाही. घाबरायचं कारण नाही. डायोसिसच्या सल्लागार समितीला, जिला सगळे डीएसी म्हणतात, फोटोंसकट एक साधी ईमेल करायला चर्चवॉर्डनना सांगा. चर्चची दर पाच वर्षांनी आर्किटेक्टकडून पाहणी होते. मागच्या अहवालात कुंडाबद्दल एखादी ओळ असेल ती जोडा. मग मान्यताप्राप्त दगड-संवर्धक येऊन बघेल. कोरडी, निवडक साफसफाई, लागलीच तर लगदा लावून क्षार शोषून घेणं आणि सिमेंटची जुनी भर काढून चुन्याची घालणं, साधारण एवढंच होईल. चेहरे परत बसणार नाहीत आणि बसवूही नयेत.

खुल्या दिवसासाठी कुंड उजळ दिसायला हवं असेल तर त्याच्यापासून थोड्या अंतरावर, जमिनीजवळ एक तिरपा एलईडी दिवा ठेवा. टॉर्चने तुम्हाला जे दिसेल तेच लोकांना दिसेल. शेजारी एका कागदावर सात दृश्यांची नावं लिहा.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की कापणीच्या सणाला भांड्यात फुलं आणि पाण्याचा ओला स्पंज ठेवायची तिथली पद्धत आहे, ती चालू ठेवावी का. नाही. ओला स्पंज दगडाला डाग पाडतो हे एक. दुसरं, चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांतच, कॅनन एफ १ मध्ये, भांडं बाप्तिस्म्याच्या पाण्याखेरीज दुसऱ्या कशासाठीही वापरायचं नाही असं लिहिलेलं आहे. फुलवाल्या आजींना तुमचं नाव न सांगता हा नियम दाखवा, आणि फुलदाण्या चौथऱ्यापासून हातभर दूर फरशीवर मांडा.